कोड्यांचा नाद

प्रत्येक मनुष्यास कसला ना कसला तरी नाद असतो. कोणास जुनीं नाणीं जमविण्याचा, कोणास भजनाचा, कोणास क्रिकेटचा, तर कोणास शेजाऱ्याच्या घरीं काय शिजतें हें जाणून घेण्याचा! आम्हांस नाद आहे तो कोड्यांचा. कोडें म्हणजे वर्तमानपत्रांतील शब्दकोडें नव्हे. गणिताचें किंवा पदार्थविज्ञानाचें, परंतु जें सोडविण्यास मोठमोठीं सूत्रें, लॉगॅरिथमचीं कोष्टकें अथवा कॉलेजची पदवी लागत नाहीं. साधी बेरीज-वजाबाकी, थोडें निरीक्षण आणि पुष्कळसा धीर एवढ्याच सामग्रीवर जें सुटतें, असें कोडें. ह्या नादास पैसा पडत नाहीं व जागाही लागत नाहीं; आणि मुंबईच्या उपनगरांत राहणारास ह्या दोन गोष्टींचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आम्ही मुलुंडास राहतों व शिकविण्यासाठीं अंधेरीस येतों. मुलुंडाहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून पुढें मेट्रो, असा आमचा नित्याचा मार्ग. ही मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर हें सुमारें ११.४ किलोमीटरांचें अंतर ती तोडते व त्यांत स्थानकें बारा आहेत. सकाळच्या गर्दींत पुस्तक उघडावें म्हटलें तर कोंपर हलविण्याचीही सोय नसते. पण विचार करण्यास कोंपर कशाला हवें? ह्या गाडींतच आम्हांस पुष्कळ कोडीं भेटलीं. त्यांतील एक आम्ही आमच्या आठवीच्या वर्गापुढें ठेवलें, तें असें:

‘समजा, मेट्रोची गाडी दोन्ही टोकांकडून दर चार मिनिटांनीं सुटते आणि ह्या टोकापासून त्या टोकास जाण्यास वीस मिनिटें लागतात. घाटकोपरास गाडींत बसून तुम्ही वर्सोव्यास निघालां. वाटेंत समोरून येणाऱ्या किती गाड्या तुम्हांस भेटतील?’

प्रश्न पुरा होतो न होतो तोंच चारपांच हात वर झाले. ‘पांच, सर! विसाला चारांनीं भागलें कीं पांच.’ भागाकार बिनचूक होता. उत्तर मात्र बरोबर नव्हतें. मागच्या बांकावरील एक मुलगा, जो सहसा बोलत नाहीं, हळूच म्हणाला, ‘पण सर, आपण निघालों तेव्हां कांहीं गाड्या आधींच वाटेवर असतील ना?’ झालें! कोडें तेथेंच सुटलें. ज्या क्षणीं आपण घाटकोपर सोडतों, त्याच क्षणीं वीस मिनिटांपूर्वीं वर्सोव्याहून सुटलेली गाडी येथें पोंचत असते. आपण वर्सोव्यास पोंचतों त्या क्षणीं तेथून एक नवी गाडी सुटत असते. म्हणजे आपण निघण्यापूर्वीं वीस मिनिटें आणि निघाल्यानंतर वीस मिनिटें, अशा चाळीस मिनिटांत सुटलेल्या सर्व गाड्या आपणांस भेटतात. त्या होतात अकरा. दोन्ही टोकांवरील एकेक गाडी वगळली तर ऐन वाटेंत नऊ. दुसऱ्या एका मुलीनें हेंच अधिक थोडक्यांत सांगितलें: ‘समोरची गाडी आपल्याकडे येते आणि आपणही तिच्याकडे जातों; म्हणून गाडी चार मिनिटांनीं नव्हे, दर दोन मिनिटांनीं भेटते.’ एकोणिसाव्या शतकांत एदुआर ल्यूका नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें हाच प्रश्न आव्र बंदर व न्यूयॉर्क ह्यांच्यामधील आगबोटींविषयीं घातला होता. आमच्या मुलांनीं तो घाटकोपरच्या गाडींत उभ्या उभ्या सोडविला, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो.

ह्या कोड्यांत बीजगणित नाहीं, भूमिति नाहीं. आहे ती एकच गोष्ट: पहिल्या झटक्यास सुचलेल्या उत्तराकडे क्षणभर संशयानें पाहणें. ही संवय ज्यास लागली, त्यास अर्धें गणित आलें असें आम्ही समजतों.

पदार्थविज्ञानाचीं कोडीं तर उपनगरांत पावलोपावलीं पडलेलीं आहेत. जुलै महिन्यांत अंधेरी स्थानकावर उतरावें, छत्री घरीं राहिलेली असावी आणि शाळेची घंटा होण्यास पांच मिनिटें उरलेलीं असावींत. अशा वेळीं धांवावें कीं चालावें? कोणी म्हणतो, ‘धांवलों तर समोरचे थेंब अधिक अंगावर येतात, म्हणून चालणेंच बरें.’ कोणी म्हणतो, ‘छे! लवकर पोंचलों कीं कमी भिजलों.’ ह्या वादाचा निकाल अगदीं साध्या विचारानें लावतां येतो. वारा नाहीं, पाऊस सरळ खालीं पडत आहे व त्याचा जोर सारखा आहे, असें धरूं. आपणांवर पाणी दोन ठिकाणीं पडतें, डोक्याखांद्यांवर आणि अंगाच्या पुढल्या बाजूवर. डोक्यावर किती पडेल तें आपण पावसांत किती वेळ आहों ह्यावर अवलंबून. जलद गेलों, तर तें कमी. पुढल्या बाजूचें काय? स्थानकापासून शाळेपर्यंत आपल्या देहाएवढ्या रुंदीचा व उंचीचा एक लांबच लांब बोगदा हवेंतून खोदीत आपण जात आहों, अशी कल्पना करा. त्या बोगद्यांत थेंब कोणत्याही क्षणीं सारखेच दाट असतात. म्हणून बोगदा पुरा खोदला म्हणजे तितकेच थेंब आपण अंगावर घेतले, मग तो धांवत खोदा कीं रमतगमत खोदा. अर्थात् धांवल्यानें डोकें कमी भिजतें, छाती मात्र तितकीच भिजते. तेव्हां धांवावें हें खरें. परंतु धांवून कोरडें राहूं अशी आशा धरूं नये. हें सर्व विवेचन ऐकून आमच्या घरांतील एक वृद्ध बाई म्हणाल्या, ‘त्यापेक्षां छत्री कां नेत नाहीं?’ ह्या उत्तरापुढें न्यूटनासही मान लववावी लागली असती.

येथें एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत घ्यावी. ‘वारा नाहीं असें धरूं’ हें वाक्य आम्ही मुद्दाम उच्चारलें. खऱ्या पावसाळ्यांत वारा असतोच, आणि तो पाठीकडून येत असेल तर हिशेब बदलतो. आपण काय गृहीत धरलें आहे तें मोठ्यानें सांगणें, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. ज्यानें गृहीत गोष्ट लपविली, त्याचें उत्तर बरोबर आलें तरी तें अर्धेंच बरोबर.

आतां एका मुलीची हकीकत सांगतों. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तिच्या घरांत एक गोष्ट कायमची ठरून गेली होती, कीं हिला गणित येत नाहीं. आई तसें म्हणे, वडील तसें म्हणत, एका शिकवणीच्या वर्गांतील गुरुजींनींही तोच शेरा दिला होता. आणि पुष्कळ वेळां ऐकलेली गोष्ट खरी वाटते ह्या न्यायानें ती मुलगीही तसेंच म्हणूं लागली होती. गणिताच्या पेपरांत शाब्दिक उदाहरण दिसलें, कीं ती जागा कोरी सोडून पुढें जाई. तिच्या कोऱ्या जागा पाहून आम्हांस जितकें वाईट वाटे, तितकें चुकलेल्या उत्तरांनीं कधींच वाटलें नाहीं. चुकलेलें उत्तर म्हणजे निदान टाकलेलें पाऊल असतें.

त्या वर्षीं आम्ही वर्गास एक जुनें कोडें घातलें. पवईच्या तलावांत एक होडी आहे, होडींत एक मोठा दगड आहे. होडींतील मनुष्यानें तो दगड उचलून पाण्यांत टाकला व तो तळास गेला. तर तलावाच्या पाण्याची पातळी वर चढेल, खालीं जाईल, कीं होती तेथेंच राहील? ‘दगड पाण्यांत पडला म्हणजे पाणी चढणारच,’ असें बहुतेकांचें मत पडलें. ती मुलगी घरीं गेली. तिचा भाऊ कॉलेजांत शिकतो. त्यानें वहींत दोनचार समीकरणें मांडून सांगितलें, कीं दगड आधींही तलावांतच होता आणि नंतरही तलावांतच आहे, तेव्हां पातळी तीच राहणार.

दुसऱ्या दिवशीं मुलगी वर्गांत उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, मीं दादाला विचारलें, पातळी तीच राहते तर हें बघ. समजा, दगडाच्या जागीं बोराएवढी लहान पण दगडाएवढीच जड अशी गोळी आहे. होडींत ती असली, तर होडी खूप खोल जाते आणि पुष्कळ पाणी बाजूला सारते. तीच गोळी पाण्यांत टाकली, तर ती फक्त बोराएवढ्या जागेंतलें पाणी सारते. मग पातळी खालीं नाहीं का जायची?’ वर्ग स्तब्ध झाला. एवढ्यावरच ती थांबली नव्हती. घरांतील बादली, एक स्टीलचा डबा आणि वाण्याकडून मागून आणलेलें अर्ध्या किलोचें लोखंडी वजन घेऊन तिनें प्रयोगही केला होता. वजन डब्यांत ठेवून डबा तरंगत असतां बादलीवर पेन्सिलीनें खूण केली; मग वजन डब्यांतून काढून पाण्यांत सोडलें. पाणी खुणेपासून जवळजवळ एक सेंटिमीटर खालीं उतरलें!

ह्याचें कारण असें. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते, आणि बुडालेली वस्तु आपल्या आकारमानाइतकें. अर्धा किलो लोखंड तरंगत्या डब्यांत असतां अर्धा लिटर पाणी सारतें. तेंच बुडालें म्हणजे सुमारें पासष्ट-सत्तर मिलिलिटर पाणी सारतें. हें तत्त्व आर्किमिडीजाचें. तें पाठ म्हणून दाखविणारीं मुलें त्या वर्गांत पुष्कळ होतीं. पण वापरलें तें ह्या मुलीनें, आणि तेंही त्याचें नांव न घेतां. एखाद्या गोष्टीचा विचार अवघड वाटला, तर ती गोष्ट पार टोकास नेऊन पाहावी, फार लहान किंवा फार जड करून पाहावी, ही युक्ति तिला कोणी शिकविली नव्हती.

त्या मुलीस पुढें परीक्षेंत पहिला नंबर मिळाला, असें आम्ही लिहिलें असतें तर गोष्ट गोड झाली असती; परंतु तसें घडलें नाहीं. घडलें तें इतकेंच, कीं त्या दिवसापासून तिच्या उत्तरपत्रिकेंत कोरी जागा दिसेनाशी झाली. आमच्या मतें हें पहिल्या नंबराहून कमी नाहीं.

होडीच्या ह्या कोड्याचें आपल्या महाराष्ट्राशीं जुनें नातें आहे. पुण्याजवळ भीमा व इंद्रायणी ह्यांच्या संगमावर तुळापूर नांवाचें गांव आहे. आदिलशाहींतील मुरार जगदेव ह्यास हत्तीची तुला करावयाची होती. पण हत्ती मावेल असा तराजू आणावा कोठून? तेव्हां शहाजीराजांनीं तोड सांगितली, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. हत्ती नावेंत चढविला, नाव पाण्यांत कोठवर बुडाली तेथें खूण केली; मग हत्ती उतरवून नावेंत त्याच खुणेपर्यंत दगड भरले आणि ते दगड थोडे थोडे करून तोलले. गांवाचें पूर्वींचें नांव नांगरगांव असून ह्या तुलेमुळें तें तुळापूर झालें, असें सांगतात. हत्ती तोलतां येत नसेल तर त्याच्या बरोबरीची, पण तुकडे करतां येतील अशी वस्तु शोधावी. केवढी ही साधी आणि केवढी ही मोठी कल्पना!

आपल्या प्रांतांत अशा कोड्यांची परंपरा थोर आहे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ रचला. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, तेथें मठ स्थापिल्याची नोंद त्यांत आहे. लीलावतींतील गणितें रुक्ष नाहींत. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशीं असलेल्या बिळाकडे सत्तावीस हात अंतरावरून साप येत आहे. मोरानें तिरकी झेंप घातली आणि दोघांनीं सारखेंच अंतर काटलें, तर बिळापासून किती हातांवर गांठ पडली? उत्तर बारा हात. नऊ, बारा व पंधरा ह्या बाजूंचा काटकोन त्रिकोण डोळ्यांपुढें आणला, कीं सत्तावीसांतून बारा गेले तर पंधराच उरतात हें कोणीही पाहूं शकेल.

अलीकडच्या काळांतील नांव घ्यावयाचें तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचें. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथें शाळामास्तर होते. मोठें पद नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. जवळ कागद, पेन्सिल आणि अंकांवरील प्रेम. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशा संख्यांच्या कुळास त्यांनीं ‘डेमलो’ हें नांव दिलें, आणि तें आलें आपल्या मध्य रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावरून. त्या संख्यांची कल्पना त्यांस तेथें सुचली. १११ नें १११ ला गुणून मांडणी पाहा: एकाखालीं एक पायरी सोडून लिहिलेल्या तीन ओळी, आणि उभ्या रकान्यांत अनुक्रमें एक, दोन, तीन, दोन, एक इतके एकच एक! जिना चढावा आणि उतरावा, तसे अंक चढतात आणि उतरतात.

१९४९ सालीं कापरेकरांनीं जगापुढें ठेवलेली ६१७४ ची गंमत तर प्रत्येक घरीं करून पाहण्यासारखी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; फक्त चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडा, चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठींतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरास पुन्हां तेंच करा. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली तें १८५३ हें सालच घेऊं. ८५३१ वजा १३५८ बरोबर ७१७३. पुढें ७७३१ वजा १३७७ बरोबर ६३५४. पुढें ६५४३ वजा ३४५६ बरोबर ३०८७. पुढें ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आतां कितीही वजाबाक्या करा, ६१७४ पुढून हलत नाहीं. मेट्रोचें साल २०१४ घेतलें तर त्यास सात पायऱ्या लागतात. सातांहून अधिक कोणासही लागत नाहींत. आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, ‘सर, मधलीं सर्व उत्तरें नवाच्या पाढ्यांतलींच कां येतात?’ कारण सोपें आहे. संख्येस नवांनीं भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेसही उरते. अंक तेच असल्यामुळें दोन्ही संख्यांची बाकी सारखी, आणि वजाबाकींत ती नाहींशी होते.

कापरेकरांच्या ह्या उद्योगास पुष्कळांनीं पोरखेळ मानलें. पण १९७५ सालीं मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकानें आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर पसरलें. १९८६ सालीं ते वारले. आज ६१७४ ही संख्या त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ज्यास लोक हंसतात तें काम निष्ठेनें करीत राहण्यास किती धैर्य लागतें, हें मुलांनीं ह्या आयुष्यावरून शिकावें.

कांहीं पालक आम्हांस विचारतात, ‘सर, ह्या कोड्यांना परीक्षेंत गुण किती?’ प्रश्न रास्त आहे. फी भरणाऱ्या बापास तो विचारण्याचा अधिकारही आहे. कोड्यांना वेगळे गुण नाहींत. शिवाय हातांतील मोबाइल आज कोणत्याही कोड्याचें उत्तर क्षणांत सांगतो. मग मुलानें तास तास कां घालवावा? आमचें म्हणणें एवढेंच आहे: मोबाइल उत्तर देईल, पण तें उत्तर शोधतांना मुलाच्या मनांत जी वाट पडली असती, ती पाडून देणार नाहीं. ‘कोणतें सूत्र लावावयाचें?’ असें विचारणारा मुलगा सूत्र सांपडलें नाहीं कीं हात जोडून बसतो. ‘येथें काय घडत आहे?’ असें विचारणारा मुलगा सूत्र विसरला तरी अडत नाहीं. घरखर्चाचा मेळ, कर्जाचें व्याज, औषधाची मात्रा, गोड बोलून फसविणाऱ्याची जाहिरात, ह्या सर्व ठिकाणीं आयुष्य आपणांस शाब्दिक उदाहरणेंच घालीत असतें, आणि तेथें कोरी जागा सोडून पुढें जातां येत नाहीं. ज्यांस ह्या वाटेनें दूरवर जावयाचें आहे, त्यांस तशी सोयही जवळच आहे. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत देशाच्या ऑलिंपियाड स्पर्धकांची तयारी होते, आणि १९९६ सालीं तर आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच मुंबईंत भरलें होतें.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मूल कोड्यावर अडलें असतां त्यास उत्तर सांगूं नका, आणि ‘एवढें येत नाहीं?’ असेंही म्हणूं नका. त्याच्या शेजारीं बसा व म्हणा, ‘मलाही पाहूं दे.’ ज्या घरांत बाप आणि मुलगी बादलींत डबा तरंगवीत बसलीं आहेत, त्या घरांत गणिताचें भय फार दिवस टिकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीकरितां तीन कोडीं देतों. पहिलें: मेट्रोच्या बारा स्थानकांवर कोठूनही कोठेंही जाण्याचीं एकेरी तिकिटें छापावयाचीं, तर किती प्रकारचीं छापावीं लागतील? दुसरें: एका पेल्यांत चहा, दुसऱ्यांत तितकेंच दूध. दुधाचा एक चमचा चहांत घातला, ढवळलें, आणि त्या मिश्रणाचा एक चमचा परत दुधांत घातला. आतां चहांत दूध अधिक कीं दुधांत चहा अधिक? तिसरें: होडींत दगडाऐवजीं लांकडाचा ओंडका असता आणि तो पाण्यांत टाकला असता, तर पातळीचें काय झालें असतें? उत्तरें आम्ही पुढच्या अंकींही छापणार नाहीं. तीं तुम्हीच वर्गांत येऊन सांगावींत, आणि तीं कशीं सुचलीं तेंही सांगावें. आम्हांस उत्तरापेक्षां तें ऐकण्याची उत्कंठा अधिक आहे.